‘हात लावा’ म्हणणारं म्युझियम आणि दीडशे वर्षांची इमारत

माजघर

चार वर्षांच्या मुलाला घेऊन कुठेही गेलं की माझं काम एकच, त्याचे हात धरून ठेवणं. दिवाळीत पुण्यात एका संग्रहालयात नेलं होतं. तिथे त्याने अडकित्त्यांच्या कपाटाच्या काचेवर दोन्ही पंजे ठेवले, नाक टेकवलं आणि उमटलेल्या वाफेवर बोटाने ‘अ’ काढला. शाबासकी द्यावी की दटावावं हे माझं ठरेपर्यंत तिथल्या बाई खुर्चीतून उठल्या होत्या. आम्ही निघालो.

सध्या मी मुलीकडे, फिलाडेल्फियाला. मागच्या मंगळवारी लेक-जावई दोघांनाही ऑफिस आणि पाळणाघराला सुट्टी. मुलीने सकाळी गाडी बुक करून दिली आणि म्हणाली, “आई, याला प्लीज टचला घेऊन जा.” मला आधी तो मॉल वाटला. तर ते लहान मुलांचं म्युझियम निघालं, ‘प्लीज टच म्युझियम’. नावातच पाटी, आणि तीही उलटी.

गाडी थांबली तेव्हा वाटलं चुकून हायकोर्टात आणून सोडलं. भलीथोरली ग्रॅनाइटची इमारत, कमानी, वर लोखंड आणि काचेचा घुमट, जमिनीपासून दीडशे फूट उंच. आत शिरलं तर सगळीकडे तीन-चार वर्षांची पोरं सैरावैरा पळतायत. ही इमारत म्हणजे मेमोरियल हॉल. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली म्हणून १८७६ मध्ये याच बागेत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, मे ते नोव्हेंबर. बेलचा टेलिफोन लोकांनी पहिल्यांदा पाहिला तो तिथे. शेकडो इमारती उभारल्या होत्या, त्या जवळपास सगळ्या तात्पुरत्या. चित्रं-पुतळे मांडायला बांधलेली ही मात्र मुळातच पक्की, म्हणून टिकली. पुढे ती कलासंग्रहालय झाली. संग्रहालय मोठ्या जागेत गेल्यावर हिचे हाल सुरू झाले. मधल्या काळात इथे पोलीस चौकी होती, बास्केटबॉलचं मैदान होतं, पोहण्याचा तलावसुद्धा होता. मुलीच्या शेजारचे आजोबा लहानपणी इथेच पोहायला शिकले म्हणे. ते अजून तिला ‘आमचा तलाव’ म्हणतात. २००८ पासून इथे पोरांचं राज्य आहे.

दारातून आत गेल्यावर समोर स्वातंत्र्यदेवीचा हात, मशालीसकट, चाळीस फूट उंच. जवळ गेलं की कळतं, तो सगळा जुन्या खेळण्यांचा आणि भंगाराचा बनवलाय. १८७६ च्या प्रदर्शनात देवीचा खरा हात खरोखर इथे आणून ठेवला होता. बाकीची देवी अजून तयार व्हायची होती! पन्नास सेंट दिले की लोकांना आतून मशालीपर्यंत चढता यायचं. आपल्याकडे मूर्ती पूर्ण होईपर्यंत डोळे झाकून ठेवतात, इथे नुसता हात दाखवून वर्गणी गोळा केली.

पण नातवाला देवीचं काही नाही. त्याला दिसलं ते दुकान. हे त्याच्या मापाचं सुपरमार्केट आहे: छोट्या ट्रॉल्या, कमरेएवढी फडताळं, गल्ला. त्याने मला गल्ल्यावर बसवलं. गुडघे हनुवटीला लागत होते.

“आजी, भेंडी कुठेय?”

प्लास्टिकचा मका होता, टोमॅटो होते, ब्रोकोली होती. भेंडी नव्हती. तो सगळं फडताळ धुंडाळून आला आणि एक हिरवी मिरची माझ्यासमोर ठेवली. “ही भेंडी समज.”

“समजले. किती झाले?”

“शंभर डॉलर.”

“महाग आहे हो.”

“मग नको घेऊ.” आणि ट्रॉली घेऊन गेलासुद्धा.

मी गल्ल्यावर आणि दुकानदारही तोच, हा हिशेब कसा जमला ते विचारू नका.

पुढे पाण्याचा भाग आहे. इथल्या स्कूलकिल नदीवरून केलेला लांबलचक हौद, त्यात होड्या, बांध, भोवरे. अंगावर घालायला तिथेच प्लास्टिकचे झगे ठेवलेत, तरी बाह्या कोपरापर्यंत भिजल्याच. जादा कपडे न्यायचे हे मी विसरले होते. माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळून घरी आणला आणि मुलीची बोलणी खाल्ली. त्याआधी लाकडी मेरी-गो-राउंडवर बसलो. ते १९०८ मधलं आहे, डेंट्झेल कंपनीने कोरलेलं. मुळात जवळच्याच एका करमणूक बागेत होतं, ती बाग बंद पडली. आता त्याला काचेचं स्वतंत्र दालन दिलंय. घोडे तर आहेतच, पण मांजरं, डुकरं आणि ससेही आहेत. त्याला डुक्कर हवं होतं, मला ससा मिळाला. सत्तरीला दोन वर्षं राहिली असताना सशावर बसले.

आता मुद्द्याचं. घरी आल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तो घुमटाखाली मान वर करून उभा राहिला होता आणि “ओ” म्हणून ओरडला. आवाज वरून परत आला. पुन्हा ओरडला. दहा-बारा वेळा. बाजूच्या चार पोरांनीही सुरू केलं. तिथे कुठलीही मांडणी नव्हती, बटण नव्हतं, माहितीची पाटी नव्हती. नुसता घुमट. हेच जर एखाद्या नव्या, छताला थर्माकोल मारलेल्या हॉलमध्ये असतं तर ओरडून काय मिळालं असतं?

म्हणून विचारते. तुम्ही जिथे आहात तिथे अशी जुन्या वास्तूत मुलांना मोकळं सोडणारी म्युझियमं आहेत का? आणि आपल्या पुण्या-वाईच्या वाड्यांत असं का होत नाही? केळकर म्युझियमचं नाव दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावावरून ठेवलं. लहान मुलाच्या नावाचं संग्रहालय आपल्याकडे आहे. लहान मुलांच्या हातांसाठी एखादं असायला काय हरकत आहे?

---

टिचकी

“ही भेंडी समज”... ऑफिसात फिस्सकन हसले, सगळे बघतायत. अजून लिहा काकू.

---

पाटीपेन्सिल

लेख छान. पण स्पष्टच बोलतो, राग मानू नका. तिकीट काढून भातुकली खेळायला जायचं हा प्रकार मला झेपत नाही. आमच्या लहानपणी भातुकली खऱ्या पितळेची होती, चुरमुरे खरे होते आणि पाणी खरं सांडायचं. सुतारकाकांकडे बसलं की रंधा मारायला मिळायचा. मुलांच्या हातातून आधी सगळं काढून घ्यायचं आणि मग दगडी इमारतीत प्लास्टिकचा टोमॅटो द्यायचा. आणि त्याला ‘हॅण्ड्स-ऑन’ म्हणायचं!

---

हुरॉनकाठ

आमच्याकडे आहे! मिशिगनमध्ये ॲन आर्बरला. नावच ‘हॅण्ड्स-ऑन म्युझियम’ आणि इमारत म्हणजे गावाचं जुनं अग्निशमन केंद्र. १८८२ चं लाल विटांचं बांधकाम, वर टोलाची घंटा असायची तो मनोरा. बंब नव्या जागेत गेल्यावर ती वास्तू रिकामी पडली होती. सिंथिया याओ नावाच्या बाईंनी नगरपालिकेकडून ती मिळवली आणि स्वयंसेवक जमवून १९८२ मध्ये म्युझियम उघडलं. म्हणजे इमारतीच्या बरोबर शंभराव्या वर्षी. सुरुवात अगदी छोटी, जेमतेम पंचवीस मांडण्यांची. आता शेजारच्या इमारती जोडून घेऊन अडीचशेवर गेल्यात.

डेट्रॉइटच्या आसपासच्या मराठी घरांतलं एकही पोर असं नसेल की जे साबणाच्या फुग्यात उभं राहिलेलं नाही. दोरी ओढायची की आपल्याभोवती साबणाचा पडदा वर येतो. माझी मुलगी आता कॉलेजात आहे. परवा घरी आली तेव्हा तिथे जाऊ या म्हणाली. “काय बघायचंय?” तर “दोरी ओढायचीय.”

पाटीपेन्सिल, रंध्याशी सहमत. पण आमच्या गल्लीत सुतारकाका नाहीत हो. असते तर तिकीट त्यांना दिलं असतं.

---

जुनी_पानं

माजघरताई, फिलाडेल्फिया म्हटलं की आपल्याला आनंदीबाई जोशी आठवतात. त्या १८८३ मध्ये तिथल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या, हेही बहुतेकांना माहीत असतं. त्याच्या पुढचा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही. रमाबाई नंतर अमेरिकेतच राहिल्या आणि फिलाडेल्फियातच त्यांनी फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाची बालोद्यान पद्धत, म्हणजे किंडरगार्टन, शिकून घेतली. लोकरीचे चेंडू, लाकडी गोळा, घन, दंडगोल मुलांच्या हातात द्यायचे आणि मुलाला स्वतः काय ते शोधू द्यायचं, अशी ती पद्धत. मराठीत असा अभ्यासक्रम करायचा हे तेव्हाच त्यांच्या मनात होतं. १८८९ मध्ये मुंबईला शारदासदन उघडलं ते तिथून परतल्यावर.

आता गंमत बघा. तुम्ही ज्या १८७६ च्या प्रदर्शनाबद्दल लिहिलंय त्यात एक खरंखुरं किंडरगार्टन भरवून दाखवलं होतं. मुलं वर्गात ठोकळ्यांशी खेळतायत आणि लोक बघतायत. ज्याला पुढे अमेरिकेचा सगळ्यात मोठा वास्तुशिल्पी म्हटलं गेलं त्या फ्रँक लॉइड राइटच्या आईने फ्रोबेलचे ठोकळे पहिल्यांदा पाहिले ते याच प्रदर्शनात, आणि मुलासाठी घेतले. म्हाताऱ्या राइटनेही आपल्या हातात ते ठोकळे अजून आहेत असं म्हटलंय.

म्हणजे त्या बागेत मुलांनी हाताने शिकायचं हे दीडशे वर्षं चालू आहे. मधे पोहण्याचा तलाव आला, एवढंच.

---

टिचकी

जुनी_पानं, यावर वेगळा धागा काढा ना प्लीज. इथे प्रतिसादात वाया जाईल.

---

गोठलेला_गोट्या

बोस्टनकरांची हजेरी. इथलं मुलांचं म्युझियम बंदरातल्या लोकरीच्या जुन्या वखारीत आहे. संस्था १९१३ ची, विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांनी सुरू केलेली. वखारीत आली १९७९ मध्ये. विटांच्या भिंती आणि दोन हातांच्या कवेत न मावणारे लाकडी खांब. २००७ मध्ये पुढे काचेचा नवा भाग जोडला, पण आत शिरलं की वखार ती वखारच.

मायकल स्पॉक नावाचे गृहस्थ १९६२ मध्ये तिथे संचालक झाले. बालसंगोपनाच्या पुस्तकामुळे घरोघरी पोचलेल्या डॉ. स्पॉक यांचे चिरंजीव. त्यांना स्वतःला लहानपणी वाचन जमत नसे, अक्षरं उलटसुलट दिसत. त्यांनी वस्तू काचेच्या कपाटांतून बाहेर काढायला सुरुवात केली. रस्त्याखाली काय असतं, भिंतीत काय असतं, हे कापून दाखवलं. आज आपण जे गृहीत धरतो ते तेव्हा धाडस होतं.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. त्या वखारीच्या आत एक अख्खं जपानी घर आहे. क्योतोमधलं, रेशीमवाल्या व्यापाऱ्याचं, शंभर वर्षांहून जुनं. क्योतो आणि बोस्टन या भगिनी-नगरी, त्या नात्याने भेट आलेलं. तिकडून सुतार आले आणि त्यांनी ते खिळा न मारता पुन्हा जोडलं. दारात चपला काढायच्या. बाहेर पोरं किंचाळतायत, आणि उंबरठा ओलांडून तातामीवर, म्हणजे गवताच्या जाड चटईवर, पाय ठेवला की आपोआप शांत होतात. कुणी गप्प बसा म्हणत नाही. माझ्या मुलाने विचारलं, “बाबा, हे आजीचं घर आहे का?” आजी नरसोबाच्या वाडीला राहते. त्याला काय सारखं वाटलं असेल? पायाखाली लाकूड, बसकी दारं, दारात काढलेल्या चपला. झालं.

ता.क. बाहेर चाळीस फुटी दुधाची बाटली आहे. १९३० च्या दशकात एका माणसाने आइस्क्रीम विकायला बांधलेली, नंतर बोटीवर चढवून इथे आणली. मुलांना म्युझियमपेक्षा ती जास्त आठवते. खर्च वाचतो.

---

आडवा_ओळंबा

माजघर यांच्या ‘वाड्यात का नाही’ या प्रश्नाला कुणी हात घातला नाही म्हणून लिहितो. जुन्या वाड्यांची दुरुस्ती हे माझं रोजचं काम.

वर कुठल्या इमारती आल्या ते बघा. प्रदर्शनाचा हॉल, अग्निशमन केंद्र, लोकरीची वखार. यातलं एकही राहतं घर नाही. वखारीची जमीन लोकरीच्या गठ्ठ्यांसाठी बांधलेली असते, तिच्यावर शंभर पोरांनी उड्या मारल्या तर तिला गुदगुल्यासुद्धा होत नाहीत. अग्निशमन केंद्राच्या तळमजल्यावर घोडे आणि बंब उभे राहायचे. आपला वाडा हे घर आहे. सागवानी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा थर. आजचा हिशेब सांगतो: राहत्या खोलीच्या जमिनीवर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. जिथे माणसं उभ्याने गर्दी करतात अशा दालनाला ५००. म्हणजे अडीचपट. त्यात तुळईचं भिंतीतलं टोक वाळवीने किंवा ओलीने खाल्लेलं असणार, आणि ते बाहेरून दिसत नाही. बोटाने टिचकी मारली की पोकळ वाजतं.

दुसरं म्हणजे जिना. वाड्याचा जिना भिंतीच्या पोटात, एका माणसाच्या रुंदीचा, हातात दोर धरून चढायचा. त्यावरून साठ मुलं आग लागल्यावर खाली कशी आणणार? आग हा काल्पनिक मुद्दा नाही. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळला, बुधवारवाडा १८७९ मध्ये गेला, त्याच आगीत विश्रामबागवाड्याचा दर्शनी भागही पोळला.

याचा अर्थ वाड्यात काहीच होणार नाही असं नाही. तळमजला, चौक, ओसरी, पडवी वापरा. वरचा मजला मुलांना बंद ठेवा किंवा एका वेळी दहाच जणांना सोडा. चौक ही तर तयार जागा आहे: मधोमध हौद, वर आभाळ. पाण्याचा खेळ मांडायला वेगळं काही बांधायलाच नको. पण वाड्यापेक्षा आपल्याकडच्या गिरण्या, कापसाची गोदामं, रेल्वेच्या जुन्या शेड बघा. त्यांच्या भिंती आणि जमिनी या कामासाठी तयारच आहेत.

---

माजघर

ओळंबा, तुमचा प्रतिसाद वाचून आमच्या सदाशिव पेठेतल्या जिन्याचा दोर तळहाताला जाणवला. काळा, गुळगुळीत, मधे गाठ. पण मला सांगा, तो दोर धरून चढणं हीच मुलांसाठी वर्षभर पुरेल एवढी मजा नाही का? दहा-दहाच सोडा.

---

आडवा_ओळंबा

दहा सोडायचे ठरले की अकरावं रडतं. तो प्रश्न माझ्या शाखेचा नाही.

---

रुपये_आणे_पै

सगळे घुमट बघतायत, मी ताळेबंद बघतो, सवय आहे. मेमोरियल हॉलमध्ये जाण्यासाठी त्या म्युझियमने सुमारे सहा कोटी डॉलरचे रोखे काढले होते. उघडलं ऑक्टोबर २००८ मध्ये. तारीख नीट वाचा. त्याच महिन्यात जगभरचे बाजार कोसळले होते. देणग्या आटल्या, कर्ज डोक्यावर, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये दिवाळखोरीचं संरक्षण मागावं लागलं. रोखेधारकांनी मोठा भाग सोडून दिला तेव्हा २०१६ मध्ये त्यातून बाहेर आले. पोरांसाठी दार एक दिवसही बंद झालं नाही, हे त्यांचं कौतुक.

जुनी वास्तू ‘मोफत’ किंवा नाममात्र भाड्याने मिळते तेव्हा सगळ्यांना आनंद होतो. माझ्या मते तिथेच फसगत होते. घुमटाखालची हवा हिवाळ्यात तापवायची असते. तुमच्या नातवाचा ‘ओ’ जिथून परत आला ती सगळी जागा गरम ठेवण्याचं बिल कुणीतरी भरतंय. ॲन आर्बरवाले छोट्यापासून सुरू करून शेजारच्या इमारती हळूहळू घेत गेले, ती चाल मला जास्त पटते.

---

फोर्टातला

मुंबईचा मुद्दा राहिला. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ पासून मुलांचं स्वतंत्र संग्रहालय आहे. इमारत नवी, पण आवार जुनं आणि झाडं त्याहून जुनी. मांडणी काय करायची हे ठरवताना मुलांनाच बरोबर घेतलं होतं, हे मला आवडलं.

आता जुनी_पानं यांना आवडेल अशी गोष्ट. जॉर्ज विटेटने आराखडा केलेली मुख्य इमारत १९१४ मध्ये बांधून झाली, पण लोकांसाठी संग्रहालय उघडलं १९२२ मध्ये. मधल्या वर्षांत, पहिलं महायुद्ध चालू असताना, तिथे लष्करी इस्पितळ होतं आणि बालकल्याण केंद्रही होतं. म्हणजे मूर्ती आणि शस्त्रं यायच्या आधी त्या घुमटाखाली लहान मुलं येऊन गेली होती.

---

नदीपलीकडची

सॅन फ्रान्सिस्कोचं एक्सप्लोरेटोरियम कुणीच लिहिलं नाही? १९६९ मध्ये फ्रँक ओपनहायमर यांनी काढलं, अणुबॉम्बवाल्या ओपनहायमरांचे धाकटे भाऊ, स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. तेही प्रदर्शनाच्याच इमारतीत होतं, १९१५ च्या. आम्ही गेलो तेव्हा आत अंधार, गार वारा, आणि मांडण्या तिथेच वेल्डिंग करून बनवतायत, मुलं उभी राहून बघतायत. २०१३ मध्ये ते बंदराच्या धक्क्यावरच्या जुन्या शेडमध्ये गेलं. आता उजेड आहे, चकाचक आहे. माझ्या नवऱ्याला अजून जुनंच आवडतं. घरात यावर दरवर्षी एकदा भांडण होतं.

---

पाटीपेन्सिल

माझ्या प्रतिसादावर हुरॉनकाठ यांनी सुतारकाकांचा टोला मारला तो मान्य. तरी एक सांगतो. ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला जे केलं त्याला वास्तूही लागली नाही. माँटेसरीची साधनं महाग, म्हणून त्यांनी आणि अनुताई वाघांनी शंख-शिंपले, चिंचोके, पानं, दगड घेतले आणि वारल्यांच्या अंगणात बालवाडी भरवली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा अंगणात. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळ्या आणि झाडूच्या काड्या यांतून खेळणी करून दाखवली. हजारो मुलांच्या हातांना काम मिळालं. घुमटाशिवाय.

---

जुनी_पानं

पाटीपेन्सिल, ‘प्लीज टच’ सुरू करणाऱ्या पोर्शिया स्पर माँटेसरी शिक्षिकाच होत्या. १९७६ मध्ये त्यांनी दुसऱ्या एका संग्रहालयातली थोडीशी जागा मागून घेतली आणि तिथे सुरुवात केली. घुमट बत्तीस वर्षांनी आला. म्हणजे तुमची आणि काकूंची भांडणं नाहीतच.

---

पाटीपेन्सिल

भांडणं आहेत. प्लास्टिकच्या टोमॅटोवर मी ठाम आहे.

---

वाट_वाकडी

कामाचं विचारते. पुढच्या महिन्यात न्यू जर्सीहून जायचंय, मुलं पावणेदोन आणि नऊ. नऊवालीला कंटाळा येईल का? डबा आत नेता येतो का?

---

माजघर

वाट_वाकडी, पावणेदोनचं बाळ खूश होईल. नऊवालीला मात्र ते ‘बाळांचं’ वाटेल, साधारण सात वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच आहे सगळं. तिला मेरी-गो-राउंड दाखवा आणि तळघरात न्या, म्हणजे पुढे लिहिते ते. आम्ही पोळी-भाजीचा रोल बाहेर गवतावर बसून खाल्ला, वारा होता पण मजा आली. जादा कपडे न्या. दोन जोड.

बाकी सगळ्यांचे आभार. रुपये_आणे_पै, तुमचं वाचल्यावर मुलीला विचारलं, ती म्हणाली तिने दिवाळखोरीच्या वर्षी वार्षिक सभासदत्वाचं मुद्दाम मुदतीच्या बरंच आधी नूतनीकरण केलं होतं. तेव्हा तिला मूलही नव्हतं. तिला ती इमारत आवडते म्हणून.

शनिवारी पुन्हा गेलो, या वेळी मुलगीही होती. तळघरात १८७६ च्या प्रदर्शनाचं एक मॉडेल आहे, १८८९ मध्ये केलेलं. वीस फूट बाय चाळीस फूट. सगळ्या इमारती, रस्ते, झाडं, नखाएवढी माणसं. नातू कडेने दोन चकरा मारून आला. मुलगी म्हणाली, आपण आत्ता ज्या घरात उभे आहोत ते यात शोध. त्याला बराच वेळ लागला. आधी दुसऱ्याच मोठ्या घराला ‘हे’ म्हणाला, मग घुमट दिसला.

“आपण याच्या आत आहोत?”

“हो.”

“आणि त्याच्या आत पण हे आहे?”

मुलगी आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. तो हात पुढे करून टेकवू लागला, तर त्या मॉडेलला हात लावायची परवानगी नाही. अख्ख्या म्युझियममध्ये मला दिसलेली तेवढी एकच जागा. त्याने हात मागे घेतला, पाठीमागे बांधला, दुसऱ्या हाताने घट्ट धरला, आणि घुमटाकडे बघत हळूच “ओ” म्हणाला.